तरुणांचा नित्यनेम

नित्यनेम हा शब्द मराठी घरांत इतका जुना आहे कीं त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. देवापुढें दिवा लावणें, तुळशीला पाणी घालणें, हरिपाठ म्हणणें, पोथीच्या कांहीं ओव्या वाचणें, असें जें जें रोज ठरल्या वेळीं न चुकतां घडतें तें नित्यनेमांत मोडतें. 'नित्य' म्हणजे रोज, आणि 'नेम' म्हणजे आपण होऊन स्वतःस घालून घेतलेलें बंधन. शब्दाचा हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. कारण रोज घडणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. सकाळची ठरलेली गाडी रोज पकडावी लागते, कचेरींत रोज हजेरी लागते. पण तीं बंधनें दुसऱ्यानें घातलेलीं असतात, आणि तीं मोडलीं तर शिक्षाही ठरलेली असते. नेम मोडला म्हणून मात्र कोणी पगार कापीत नाहीं. त्यामुळें दिवस गर्दीचा झाला कीं पहिला बळी नेमाचाच पडतो.

तरुणांविषयीं बोलतांना वडील मंडळींच्या तोंडीं एक वाक्य हमखास येतें: मुलांना वेळ आहे, इच्छा नाहीं. हें वाक्य फार तर अर्धें खरें आहे. विरार ते चर्चगेट हें अंतर साठ किलोमीटरांचें. तिकडे राहून दक्षिण मुंबईंत नोकरी करणाऱ्या मुलाचे दिवसाचे तीन-साडेतीन तास केवळ जाण्यायेण्यांत जातात, आणि तेही बहुधा उभ्यानें. पुण्याजवळ हिंजवडीला संगणकाच्या कंपनींत काम करणाऱ्या एखाद्या मुलीला अमेरिकेंतील माणूस जागा झाला म्हणजे त्याच्याशीं बोलावयास बसावें लागतें. घरांत सांजवात लागते त्याच वेळीं तिची बैठक सुरू होते. रुग्णालयांतील परिचारिकेला एक आठवडा सकाळची पाळी, तर दुसरा आठवडा रात्रीची. तिचा प्रातःकाळ कोणता म्हणावयाचा? सूर्य उगवतो तो, कीं घरीं येऊन घटकाभर डोळा लागल्यावर ती उठते तो? सदाशिव पेठेंतील अभ्यासिकांतून स्पर्धापरीक्षेसाठीं दहा-दहा बारा-बारा तास बसणारीं खेड्यापाड्यांतलीं मुलें पाहिलीं म्हणजे त्यांच्यापाशीं वेळ पडून आहे असें म्हणण्याचें धैर्य होत नाहीं.

इच्छाही दिसते तितकी आटलेली नाहीं. आषाढाच्या वारींत पुण्याहून सासवडला जाणारा दिवेघाटाचा टप्पा पालखीबरोबर चालावयास शहरांतील तरुण-तरुणी मोठ्या संख्येनें येतात. त्यांतील कित्येकजण हौसेनें आणि छायाचित्रांसाठीं येतात हें उघड आहे, आणि त्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं. पण कांहींजण परत जातांना एक रुखरुख बरोबर नेतात. शेजारून चालणारा शेतकरी दिवसभर अभंगामागून अभंग म्हणत होता. हातांत पुस्तक नव्हतें, पायांत धड वहाण नव्हती, आणि ओळ मात्र एकही चुकत नव्हती. आपण शिकलेलों, तरी आपल्याला चार चरणही सलग येत नाहींत, ही ती रुखरुख. मग दुकानांतून ज्ञानेश्वरीची प्रत घरीं येते. पहिले तीन दिवस उत्साहाचे जातात, चौथ्या दिवशीं काम निघतें, आणि दहाव्या-बाराव्या पानावर घातलेली खूण वर्षभर तेथेंच राहते. ज्या ग्रंथाची ही खूण, तो शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, वयाची विशीही न ओलांडलेल्या तरुणानें सांगितलेला आहे. तरुणांना हा ग्रंथ परका वाटण्याचें खरोखर कारण नाहीं.

अडचण मात्र आजची नव्हे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत गुरूनें शिष्याला केलेला एक उपदेश आहे. सत्य बोलावें, धर्मानें वागावें, एवढें सांगितल्याबरोबर स्वाध्यायांत हयगय करूं नये असें गुरु बजावतो, आणि थोड्याच ओळींनंतर तीच आज्ञा पुन्हां एकदां देतो. हा उपदेश कोणाला आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. तो गुरुगृहीं राहणाऱ्या विद्यार्थ्याला नाहीं. तेथें गाई राखणें, समिधा आणणें आणि अध्ययन करणें याखेरीज दुसरें काम नव्हतें. स्वाध्याय कर म्हणून त्याला निराळें सांगण्याची गरज नव्हती. हा उपदेश आहे तो अध्ययन संपवून घरीं निघालेल्या, आतां लग्न करणाऱ्या, घर उभें करणाऱ्या, अतिथीला वाढणाऱ्या तरुणाला. म्हणजे ज्याचा वेळ आतां जाणार आहे त्याला. संसाराच्या धांवपळींत पहिली गोष्ट कोणती निसटते हें त्या गुरूला पक्कें ठाऊक होतें, म्हणूनच त्यानें एकच गोष्ट दोनदां सांगितली.

समर्थांनीं दासबोधाच्या अकराव्या दशकांतील तिसऱ्या समासांत प्रपंची माणसाचा दिवस कसा जावा हें सांगितलें आहे. सकाळीं उठून पाठांतर आणि देवाचें स्मरण, मग दिवसाचे व्यवहार, उद्योगधंदा, लोकांशीं गोड बोलून त्यांना राजी राखणें, असा तो सरळ दिनक्रम आहे. त्यांत पाठांतर सांगतांना समर्थांनीं 'कांहीं' हा शब्द वापरला आहे, आणि स्मरण यथाशक्ति करावें असें म्हटलें आहे. एवढ्या कडक शिस्तीच्या पुरुषानें येथें संख्या घातली नाहीं. अमुक इतक्या ओव्या, अमुक इतक्या घटका, असें कांहीं नाहीं. बारकाईनें पाहिलें तर समर्थांची सक्ती 'किती' यावर नसून 'रोज' यावर आहे. हल्लींच्या तरुणाचें नेमकें उलट होतें. तो आरंभींच मोठा आंकडा धरतो, रोज एक अध्याय, रोज एक तास. आणि आंकडा चुकला कीं रोजपणाही सोडून देतो.

रोज एक अध्याय हा संकल्प ऐकावयास सुबक वाटतो, पण ज्ञानेश्वरीचे अध्याय सारख्या मापाचे नाहींत. बाराव्या अध्यायांत अडीचशेंच्या आंत ओव्या आहेत, तर अठराव्यांत अठराशेंवर. ज्यानें अध्यायाचें माप धरलें त्याचा नेम एके दिवशीं अर्ध्या तासाचा आणि दुसऱ्या दिवशीं चार तासांचा होतो. असा नेम नोकरदाराकडून टिकणें शक्य नाहीं. सबंध ग्रंथाच्या ओव्या सुमारें नऊ हजार. रोज पंचवीस घेतल्या तर एका वर्षांत ग्रंथ पुरा होतो, आणि पंचवीस ओव्या अर्थासह वाचावयास वीस मिनिटें पुरतात. दासबोधाचे वीस दशक आणि दोनशें समास. रोज एक समास म्हटला तर सात महिन्यांच्या आंत ग्रंथ संपतो. गीतेचे सातशें श्लोक रोज दोन या हिशेबानें वर्षाच्या आंत होतात. मनाचे श्लोक अवघे दोनशें पांच आहेत. हा वाण्याचा हिशेब वाटेल, पण नेम धरतांना तो करावाच लागतो. ज्याला मोजमाप नाहीं असा संकल्प पहिल्या आजारपणांत किंवा पहिल्या लग्नसराईंत वाहून जातो.

गांवोगांवच्या सप्ताहांत ज्ञानेश्वरीचें पारायण सात दिवसांत होतें. म्हणजे दिवसाला तेराशेंच्या आसपास ओव्या. त्याचा सोहळा मोठा, सामुदायिक आनंद मोठा, आणि ज्यानें एकदां सबंध ग्रंथ कानांवरून जाऊं दिला त्याला पुढें तो ओळखीचा वाटतो हाही लाभ खरा. परंतु पारायण आणि नित्यपाठ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पारायणांत ओवीपाशीं थांबतां येत नाहीं. नित्यपाठांत थांबण्यावांचून गत्यंतर नसतें, कारण आजच्या ओव्या संपल्या कीं उद्यांपर्यंत दुसरें कांहीं वाचावयाचें नसतें. त्याच दिवसभर डोक्यांत घोळत राहतात. कामाच्या घाईंत असलेल्या माणसाला हें दुसरेंच अधिक उपयोगी पडतें.

नित्यनेमाच्या गौरवांत एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाहीं. पुष्कळ घरांत नेम एकाचा असतो आणि पाणी तापवणारी, फुलें आणणारी, सोवळें वाळत घालणारी आणि पोथी संपेपर्यंत मुलांना गप्प बसवणारी दुसरीच असते. तिच्या वांट्याला स्वतःचा म्हणून कोणता नेम येतो, याचा विचार पोथी वाचणाऱ्याच्या मनांत क्वचितच आला असेल. जुन्या बायकांनीं यावर उपाय काढला होता तो जात्यावरच्या ओवीचा. हात दळणांत, तोंडांत ओवी. पुस्तक नको, आसन नको, कोणाची परवानगीही नको. आज जातें गेलें. पण घरचें आणि बाहेरचें अशीं दोन्हीं कामें करणाऱ्या तरुण स्त्रीच्या दिवसाचें गणित फारसें बदललेलें नाहीं. घरांतील तरुण पुरुषानें नेम धरला, तर तेवढा वेळ आपल्या बहिणीला किंवा बायकोला मिळतो कीं नाहीं हें त्यानें पोथी उघडण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे.

या बाबतींत बहिणाबाईची हकीकत मोठी बोलकी आहे. ही तुकोबांची शिष्या बहिणाबाई. तिचा जन्म वेरूळजवळच्या देवगांवीं १६२८ मध्यें झाला. लहानपणींच तिचें लग्न तिच्याहून वयानें पुष्कळ मोठ्या अशा बिजवराशीं लावून देण्यांत आलें. हें कुटुंब पुढें कोल्हापुरास आलें. तेथें जयरामस्वामींच्या कीर्तनांत तिच्या कानांवर तुकोबांचे अभंग पडले आणि त्यांचा ध्यास लागला. नवरा वैदिक ब्राह्मण. बायकोनें एका शूद्राचे अभंग घोकावेत आणि लोकांनीं तिची वाखाणणी करावी हें त्याला सहन होईना. त्यानें तिला मारहाण केली. हें सारें तिनेंच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवलें आहे. तुकोबांची प्रत्यक्ष भेट नसतां, केवळ कानांनीं ऐकलेलें मनांत आळवीत राहून तिनें त्यांना गुरु केलें. १६४७ मध्यें स्वप्नांत त्यांचा अनुग्रह झाला असें ती सांगते, त्या वेळीं तिचें वय जेमतेम एकोणीस वर्षांचें होतें. वेळ नाहीं, जागा नाहीं, पुस्तक नाहीं आणि घरांत विरोध, अशा स्थितींत चाललेला हा अभ्यास आहे. त्यापुढें गाडींत बसावयास जागा मिळत नाहीं ही तक्रार जरा थिटी पडते.

गाडीचा विषय निघाला म्हणून सांगावयाचें. मुंबईच्या लोकल गाड्यांत भजनी मंडळें आहेत हें सर्वांना ठाऊक आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, हातांत टाळ, कोणाच्या मांडीवर मृदंग, आणि तास-दीड तासाच्या प्रवासांत रंगलेलें भजन. या प्रकाराचें मूळ गिरणगांवांत शोधावें लागेल. लालबाग-परळच्या चाळींत कोकणांतून आणि घाटावरून आलेले गिरणी-कामगार दहा-पंधरा जण एका खोलींत राहत. पाळी संपली कीं ते भजनाला बसत. दहा तास सांच्यापुढें उभे राहिलेले हे लोक मध्यरात्रीपर्यंत अभंग म्हणत, आणि त्या अभंगांच्या आधारावर परक्या शहरांत माणसांसारखे राहत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, चाळींच्या जागीं मनोरे उभे राहिले. भजनाचें एक अंग मात्र रुळांवर चालू राहिलें. हीं मंडळें जागा अडवतात, शेजारच्या थकल्या प्रवाशाला झोंप घेऊं देत नाहींत, अशा तक्रारी होतात आणि त्यांत तथ्यही असतें. आपल्या हरिनामानें दुसऱ्याचें डोकें दुखत असेल तर आवाज खालीं आणणें हाही नेमाचाच भाग समजावा. पण गाडींतील भजनानें एक गोष्ट सिद्ध करून दाखविली आहे: ज्या वेळेला लोक मेलेला वेळ म्हणतात तो मेलेला नसतो.

गाडीच्या दांडीला एका हातानें लोंबकळणाऱ्या माणसाला पुस्तक उघडतां येत नाहीं. त्याला उपयोगी पडतें तें पाठांतर. अलीकडच्या शिक्षणांत पाठांतराची फार निंदा झाली, आणि अर्थ न समजतां घोकण्याची निंदा झाली ती योग्यच झाली. परंतु जें पाठ आहे तें बरोबर असतें. गाडींत असतें, रुग्णालयाच्या जिन्यांत असतें, वीज गेली तरी असतें. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग ज्याला मुखोद्गत आहेत त्याला नेमासाठीं दुसरें साधन लागत नाहीं. रात्रपाळीची परिचारिका घरीं येतांना वाटेनें ते मनांतल्या मनांत म्हणूं शकते. तिचा सूर्योदय कोणता, हा प्रश्न मग उरत नाहीं.

हल्लीं सारे ग्रंथ खिशांतल्या फोनमध्यें मावतात, आणि ज्ञानेश्वरीचें निरूपण कानांत नळ्या घालून ऐकतां येतें. ही मोठीच सोय झाली आहे. श्रवण ही तर अभ्यासाची पहिलीच पायरी मानलेली आहे. अडचण एवढीच कीं ज्या यंत्रांत पोथी आहे त्याच यंत्रांत कचेरीचा साहेब, मित्रांच्या गप्पा आणि दिवसभराच्या बातम्याही आहेत, आणि ओवी चालू असतांना यांपैकीं कोणीही दार न ठोठावतां आंत येतो. पूर्वींच्या पोथीला लांकडी व्यासपीठ आणि वर रुमाल असे. तो रुमाल काढण्याच्या क्रियेनेंच मन थोडें जागेवर येई. फोनवर वाचणाऱ्यानें निदान तेवढा वेळ बाकीचीं दारें लावून घ्यावींत. तें साधत नसेल तर एक लहानशी छापील प्रत बरी.

एकट्याचा नेम लवकर खचतो, ही गोष्ट निरनिराळ्या समाजांनीं निरनिराळ्या काळीं ओळखली आहे. ज्यू लोकांच्या तालमुद ग्रंथाचें रोज एक पान वाचण्याची प्रथा १९२३ मध्यें व्हिएन्ना येथील एका परिषदेंत मांडण्यांत आली. ती मांडणारे पोलंडचे धर्मगुरु मेइर शापिरो त्या वेळीं अवघे छत्तीस वर्षांचे होते. एकंदर पानें दोन हजार सातशें अकरा. म्हणजे एका आवर्तनाला सुमारें साडेसात वर्षें लागतात. यांतील खरी खुबी अशी कीं जगांतील सर्व वाचक एका दिवशीं एकच पान वाचतात. व्यापारानिमित्त परगांवीं गेलेला माणूस तेथील अभ्यासगृहांत शिरला तर आज घरीं जें पान वाचावयाचें होतें तेंच तेथें चाललेलें असतें. महायुद्धांत या समाजाचा भीषण संहार झाला. पण आवर्तनें चालू राहिलीं, आणि चौदावें आवर्तन जानेवारी २०२० मध्यें सुरू झालें. पान कोणासाठीं थांबत नाहीं. मागें राहिलेल्याला आजच्या पानावर येऊन मिळतां येतें.

मराठींत याला शोभणारें उदाहरण धुळ्याच्या तुरुंगांतलें आहे. १९३२ सालीं तेथें राजबंद्यांपुढें विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं. २१ फेब्रुवारीला पहिलें आणि १९ जूनला शेवटचें. दर रविवारीं एक, असे अठरा रविवार आणि अठरा अध्याय. तीं उतरून घेण्याचें काम साने गुरुजींनीं केलें. बोलणारा छत्तिशींतला, लिहिणारा बत्तीस वर्षांचा, आणि ऐकणाऱ्यांत अनेक तरुण सत्याग्रही. तुरुंगांत वेळच वेळ असतो, तेथें नेम चालला यांत नवल काय, असें कोणी म्हणेल. पण तुरुंगांतला वेळ हा कंटाळ्यानें, काळजीनें आणि घरच्या आठवणींनीं भरलेला असतो. तो रिकामा मिळत नाहीं. आणि विनोबांनीं रोज प्रवचन केलें नाहीं, रविवार नेमून घेतला, यांतही शहाणपण आहे. आठवड्याचे सहा दिवस ज्यानें त्यानें आपापलें वाचावें, आणि सातव्या दिवशीं चौघांनीं मिळून त्यावर बोलावें, ही व्यवस्था आजच्या नोकरदार तरुणांना सहज जमण्यासारखी आहे. रविवारीं शंका विचारणारा एखादा मित्र भेटणार आहे एवढ्या जाणिवेनेंही मंगळवारच्या ओव्या जरा लक्षपूर्वक वाचल्या जातात.

विद्या आणि वारी यांचें जमत नाहीं असें मानणाऱ्यांनीं सोनोपंत दांडेकरांचें चरित्र पाहावें. विद्यार्थिदशेंतच ते जोगमहाराजांच्या सहवासांत आले. याच जोगमहाराजांनीं १९१७ मध्यें आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. सोनोपंत पुढें पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. सकाळीं वर्गांत पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते आणि संध्याकाळीं कीर्तनांत ज्ञानोबा-तुकोबा, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला. ज्ञानेश्वरीची त्यांची सार्थ प्रत आजही घरोघर वाचली जाते.

नेम मोडण्याची जी धास्ती तरुणांना वाटते तिच्याविषयीं दोन शब्द बोलावयास हवेत. कांहीं घरांत नेमाला भीतीचा पहारा बसवलेला असतो. आज हरिपाठ चुकला म्हणून उद्यां परीक्षेंत नापास होशील, असें मुलांना सांगितलें जातें. अशा भीतीनें चाललेला नेम परीक्षा पास झाली कीं संपतो. आणि नापास झालें तर देवावर रोष येतो तो निराळाच. चुकलेल्या दिवसाचें व्याज भरण्याचा प्रयत्नही करूं नये. चार दिवसांच्या शंभर ओव्या पांचव्या दिवशीं घाईघाईनें वाचून टाकणें म्हणजे सावकाराचा हप्ता फेडणें झालें. त्यांत अभ्यास नाहीं. आजच्या पंचवीस वाचाव्यात, मागच्या मागें राहूं द्याव्यात. वर्षभरांत ग्रंथ न संपतां चौदा महिन्यांत संपला तर कोणाचें कांहीं अडत नाहीं.

मोहनदास गांधींच्या आत्मकथेंत याविषयींचा एक मनमोकळा वृत्तांत आहे. विलायतेंत शिकत असतांना, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, दोन थिऑसफिस्ट बंधूंनीं त्यांना आपल्याबरोबर गीता वाचावयास बोलाविलें. गीता आपण संस्कृतांतही वाचलेली नाहीं आणि गुजरातींतही वाचलेली नाहीं, हें कबूल करतांना त्यांना लाज वाटली, आणि गीतेचा पहिला परिचय एडविन आर्नल्डच्या इंग्रजी भाषांतरांतून झाला. पुढें १९०३ च्या सुमारास जोहान्सबर्गला वकिली जोरांत असतांना त्यांनीं गीता पाठ करावयास घेतली. वेळ कोठला काढला? सकाळच्या स्नानादिकांचा. दांत घासावयास पंधरा मिनिटें आणि आंघोळीला वीस. दांत घासावयाचे तेही पाश्चात्त्य रीतीनें उभें राहून; म्हणून समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि गरजेप्रमाणें त्यांकडे पाहत आणि घोकत गेले. नवे श्लोक दांत घासतांना, जुन्यांची उजळणी आंघोळींत. अशा रीतीनें तेरा अध्याय पाठ झाले.

तेराच झाले. पुढें इतर कामें वाढलीं, सत्याग्रहाचा जन्म झाला, त्याच्या संगोपनांत सारा वेळ जाऊं लागला, आणि पाठांतर तेथें थांबलें. गांधींनीं हें लपवून ठेवलें नाहीं, आणि त्याबद्दल फारशी हळहळही केली नाहीं. कारण तोंवर गीता त्यांच्यापुरती कोशासारखी झाली होती. अडलेल्या इंग्रजी शब्दासाठीं शब्दकोश उघडावा तशी ते वागण्यांतील अडचणींसाठीं गीता उघडीत. अपरिग्रह आणि समभाव या शब्दांनीं त्यांना धरून ठेवलें. अपरिग्रह म्हणजे कांहीं जवळ न ठेवणें. मग बायकामुलांचें काय, पुस्तकांनीं भरलेल्या कपाटांचें काय, हा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं.

मुंबईंत असतां गांधींनीं बायकामुलांच्या काळजीनें आपल्या आयुष्याचा दहा हजार रुपयांचा विमा उतरला होता. तो आतां चालूं ठेवूं नये असें त्यांनीं रेवाशंकरभाईंना लिहून कळविलें. भरलेल्या हप्त्यांतून जें परत मिळेल तें घ्यावें, न मिळालें तर गेलें समजावें. वडिलांच्या ठिकाणीं असलेल्या थोरल्या भावालाही पत्र गेलें कीं, आजवर जें शिल्लक पडलें तें तुम्हांला देत आलों, यापुढें माझी आशा ठेवूं नका, उरेल तें येथील लोकांच्या कामीं लागेल. भावाला हें पत्र मुळींच रुचलें नाहीं. त्याचा राग पुढें कित्येक वर्षें राहिला, पत्रव्यवहारही जवळजवळ बंद झाला, आणि अखेरच्या दिवसांत कोठें त्याचें मन वळलें.